आधी भाव, मग गोष्ट

"भाऊ, जरा फोन इकडं करा, उजेड येऊन राहिला."

हे वाक्य आपा ओळखीच्या माणसाला म्हणाल्या असत्या तर माझी काही हरकत नव्हती. पण समोरचा गृहस्थ बडनेऱ्याला गाडीत चढलेला, संपूर्ण अनोळखी, आणि फोनमध्ये आपलं काहीतरी खासगी वाचत बसलेला. आपा चष्मा कपाळावर ढकलून त्याच्या खांद्यावरून त्याच्याबरोबर वाचत होत्या. इथवरही मी सहन केलं. पण त्यानं बोटानं मजकूर वर सरकवला तेव्हा आपा म्हणाल्या, "थांबा ना! माह्यं व्हायचं हाय अजून."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बडनेरा ते अकोला या रस्त्यावर खिडकीबाहेर पाहण्यासारखं जे काही आहे, ते मला आपांमुळे पाठ झालं.

आपा आमच्या अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी अर्थशास्त्र. दोघंही राहायला अमरावतीत, म्हणून रोज सकाळी बडनेऱ्याहून पॅसेंजर. वयानं त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. घराणं बागवानांचं, म्हणजे फळवाल्या मुसलमानांचं; घरात बोलणं हिंदी. अमरावतीच्या फळ-भाजी बाजारात वडिलांची अडत होती. म्हणजे शेतकऱ्याचा माल हर्रासात बोली लावून विकून द्यायचा. वडिलांमागे ती गादी धाकट्या भावाकडे आली. हा भाऊ एकदा कॉलेजात आला आणि भर व्हरांड्यात "आपा!", म्हणजे ताई, म्हणून ओरडला. हर्रास करणाऱ्याचा आवाज तो. त्या दिवसापासून प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या आपाच झाल्या.

आणि आपा लेखिका होत्या. वऱ्हाडीत लिहायच्या, आणि नुसतं विनोदी लिहायच्या. त्यांच्या गोष्टींत रुसलेले फुफा, म्हणजे आत्याचे नवरे, असत, लग्नात न बोलावता जाणाऱ्या म्हाताऱ्या असत, आणि माणसांपेक्षा शहाणे बकरे असत. दिवस मात्र हसण्याचे नव्हते. वर्तमानपत्रात आमच्या भागाचं नाव एकाच कारणानं यायचं, आणि दर आठवड्याला कोणीतरी कॅमेरा घेऊन आमचं दुःख बघायला उतरायचं. अशा काळात आपांनी आपल्या गोष्टींचं बाड पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. त्याचा फोन आला तेव्हा आम्ही गाडीत होतो, आणि आपांनी फोन स्पीकरवर टाकला. का, म्हणून मी खुणेनं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी एकटीनं ऐकलं तं राग येईन. सगळ्यायनं ऐकलं तं हासू येईन."

सगळा डबा कान टवकारून बसला.

"मॅडम, लिहिता छान," प्रकाशक म्हणाला. तरुण आवाज, सभ्य. "पण ही भाषा... आमचा वाचक अडखळतो. जरा प्रमाण मराठीत आणता येईल का? आणि दुसरं म्हणजे, तुमच्या भागातून सध्या विनोदाची अपेक्षा नाही."

"मंग कायची अपेक्षा हाय?"

"तिकडची परिस्थिती. वेदना."

"थे हाय ना. पोती भरून हाय," आपा म्हणाल्या. "पण थे तुमाले पेपरात रोज भेटते. माह्याकडून कायले घेता?"

तो थोडा गडबडला. मग म्हणाला, "असं करू. आजकाल लेखकानं आधी ऑनलाइन वाचक मिळवायचे असतात. तुमचे वाचक मला दाखवा. एक वर्ष घ्या. तोवर बाड राहू द्या माझ्याकडे."

फोन बंद झाला. वरच्या बाकावरून एक माणूस म्हणाला, "मावशी, यानं संत्र चाखलंच नाई आन भाव पाडून राहिला."

आपा हसल्या. पण मूर्तिजापूर गेलं तरी पुढे काही बोलल्या नाहीत, आणि आपांचं न बोलणं ही बातमी होती. शेवटी म्हणाल्या, "सर, गोष्ट जशी हाय तशी घेणारे लोक हायेत. कुठी हायेत थे मले मालूम नाई. भेटले तं पुस्तक, नाई तं बाड परत बोलावतो आन ट्रंकेत टाकतो." बाईमाणूस असून 'बोलावतो', 'टाकतो' म्हणायची त्यांची सवय, घरात वडिलांनंतर मोठी मीच, असं त्यावर त्यांचं उत्तर.

अनोळखी माणसांच्या फोनमध्ये डोकावणं तेव्हापासून सुरू झालं. त्यामागे शास्त्र होतं, म्हणजे आपांच्या मते होतं. त्यांचे वडील नव्या गावच्या बाजारात पहिल्या खेपेला कधीच माल नेत नसत. रिकामी टोपली घेऊन जायचं, दिवसभर हिंडायचं, कोण काय मागतं, कोण नुसतंच दाबून पाहतं, कोण विकत घेतं, ते बघायचं आणि घरी यायचं. "ह्या फोनात गंज बाजार हायेत," आपा म्हणायच्या. "आधी रिकाम्या टोपलीनं फिरा लागते."

म्हणून त्या फिरत होत्या, लोकांच्या खांद्यांवरून. फोनची बटणं जाऊन नुकती काच आली होती. ज्याच्या त्याच्या हातात नवा खेळ होता, आणि आपांना तो दाखवायला माणसं एका मिनिटात तयार व्हायची. दुसऱ्या मिनिटाला आपल्या सुनेची तक्रार सांगायची. या सगळ्या बाजारांची खरी नावं मात्र आपांनी कधी उच्चारली नाहीत. "नाव घेतलं की फुकटची जाहिरात होते," म्हणत. त्यांनी त्यांची स्वतःची नावं ठेवली होती. ब्लॉगला 'कपाट'. निळ्या रंगाचं, जिथे लोक फोटो टाकतात, ते 'जत्रा'. दोन ओळींत भांडायची जागा ती 'नळ'. आणि हिरव्या रंगाचं, ज्यावर घरोघरचे ग्रुप असतात, त्याला 'पार'.

पहिली गोष्ट कपाटात ठेवली. तिला तीन वाचक लाभले. एक मी, दुसरी माझी बायको, आणि तिसरे परदेशात राहणारे एक गृहस्थ, ज्यांनी 'नाई' हा शब्द 'नाही' असा लिहावा असं सविस्तर कळवलं. "कपाट चांगलं असते," आपा म्हणाल्या, "पण लोकाच्या घरी येऊन कपाट कोण उघडते?"

मग जत्रा. कौंडण्यपूरच्या जत्रेत जशी तोबा गर्दी उसळते तशी तिथे गर्दी होती, आणि आपांच्या गोष्टीवर स्तुतीचा नुसता पाऊस. 'अप्रतिम', 'निःशब्द', 'लेखणीला सलाम'. मी हरखलो. म्हणालो, "आपा, मिळाले की वाचक! कळवा पुण्याला."

"थांबा. दाबून पाहू."

त्यांनी दुसरी गोष्ट टाकली, आणि मी या कटात सामील होतो हे आनंदानं सांगतो. गोष्ट निम्म्यापर्यंत गोष्ट होती. नवरीचा बाप संतापानं उठून उभा राहतो, मांडवात शांतता पसरते, आणि पुढच्या ओळीपासून आम्ही वांग्याच्या भाजीची कृती लिहिली. दोन कांदे बारीक चिरून घ्यावेत. वांगी चिरून लगेच पाण्यात टाकावीत, म्हणजे काळी पडत नाहीत. शेवटी वरून कोथिंबीर.

संध्याकाळपर्यंत प्रतिक्रिया आल्या. एका कवीनं लिहिलं, 'शेवट अंतर्मुख करणारा.' एका प्राध्यापिकेनं लिहिलं, 'मॅडम, डोळे पाणावले.'

"कांद्यानं पाणावले असतीन," आपा म्हणाल्या, आणि जत्रेतून उठल्या.

एकानंच फक्त विचारलं होतं, 'तेल किती घ्यावं?' आपांच्या मते तो एकमेव प्रामाणिक वाचक.

पारावरही त्यांनी टोपली फिरवली. अमरावती-अकोल्याच्या लेखकांचा एक ग्रुप होता. तिथे दिवसभर कविता पडायच्या आणि प्रत्येक कवितेवर ती पुरती वाचून होण्याआधी 'वा' पडायचा. आपांनी निकाल दिला, "इथं सगळे विकणारे. गिऱ्हाईक कोणी नाई." तरी त्यांनी तो ग्रुप सोडला नाही, कारण निम्मं वर्ष सरत आलं होतं आणि दुसरा बाजार दिसत नव्हता. फक्त एक बदल केला: लिहून पाठवण्याऐवजी गोष्ट बोलून पाठवायला लागल्या. निदान कोणी न ऐकता 'वा' म्हणालं तर कळेल, असा त्यांचा हिशेब होता. गोष्ट दहा मिनिटांची आणि 'वा' एका मिनिटात!

आता बोलून पाठवायची त्यांना सवय होती, त्याचं कारण भावाचा घसा. पहाटे हर्रासात ओरडून त्याचा आवाज रोज बसायचा, आणि शेतकऱ्यांना तर दिवसाचे भाव लगेच हवे असायचे. त्यासाठी त्यानं पारावर एक वेगळा ग्रुप केला होता. भातकुलीचे भाजीवाले, वरुडकडचे संत्रावाले, टेम्पोवाले, किरकोळ विकणारे, सगळे त्यात. नियम लष्करी. ग्रुपात फक्त भाव. कोणी सकाळचं फूल पाठवलं की बाहेर. देवाचा फोटो, बाहेर. एकदा भावाच्या सख्ख्या साडूनं मुलाच्या वाढदिवसाचा केक टाकला, तोही बाहेर. रोज भाऊ घोगऱ्या आवाजात आपांना फोनवर भाव सांगायचा, आणि आपा बडनेऱ्याच्या फलाटावर उभ्या राहून ते स्वच्छ आवाजात बोलून ग्रुपात पाठवायच्या. टमाटे, वांगे, संत्रा मोठा, संत्रा बारीक.

त्या सकाळी त्यांनी भाव बोलून पाठवले. पाठोपाठ, गाडी येईपर्यंत, लेखकांच्या ग्रुपासाठी गोष्टीचा पहिला भाग बोलून घेतला. गाडी आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, तोंडात तिकीट. आपांनी अंगठ्यानं पाठवायचं बटण दाबलं आणि चढल्या.

गोष्ट भावाच्या ग्रुपात गेली.

तेव्हा पाठवलेलं परत ओढून घ्यायची सोय नव्हती. बोरगाव मंजू स्टेशनच्या आसपास भावाचा फोन आला, आणि आपांना स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"आपा! ये क्या कर दिया तुमने? लोगां भाव पूछ रहे और तुम बारात भेज रही!"

"गलती से गया रे."

"मैंने साडू को निकाला, आपा! अब तुमको नहीं निकाला तो साडू मेरा जीना हराम करेगा!"

गोष्ट होती एका वरातीची. नवरदेवाची गाडी वाटेत बंद पडते. मागून संत्र्यांचा टेम्पो येतो. सगळी वरात संत्र्यांवर बसून निघते, आणि वाटेत बसल्याबसल्या एकेक संत्रं सोलते. मुलीच्या गावी टेम्पो थांबतो. वाजंत्री वाजते. सगळे उतरतात. संत्री संपलेली असतात, आणि नवरदेव टेम्पोत नसतो. इथे पहिला भाग संपला होता.

दुसऱ्या दिवशी भावानं आपांना काढलं नव्हतं. फक्त ताकीद दिली होती. आपांनी मुकाट्यानं भाव बोलून पाठवले आणि गाडीत बसल्या. फोन किणकिणला. भातकुलीच्या एका भाजीवाल्याचा आवाज आला:

"ओ आपा, भाव पडला थे मालूम हाय. रोजच पडून राहिला. नवरदेव कुठी पडला, थे सांगा!"

लगेच दुसरा: "आमच्या घरी कालपासून भांडण चालू हाय. बायको म्हन्ते पळून गेला. मी म्हन्तो संत्र्याखाली दबला."

तिसरा, कोणी टेम्पोवाला: "ड्रायवरचं नाव सांगा. माह्या वळखीचा वाटते."

आपांनी फोन कानाला लावला, मग माझ्या कानाला लावला, मग समोरच्या अनोळखी बाईच्या कानाला लावला. एका मागून एक आवाज येत होते. मधेच एक बाईचा आवाज आला, जरा दबका. "आपा, आमच्या घरी लय दिसापासून कोणी हासलं नव्हतं. काल सासरे हासले. मंग आमी बी हासलो. पुढचं सांगजा."

आपांनी तो आवाज पुन्हा लावला. त्या दिवशी अकोला येईपर्यंत त्यांनी कोणाच्याही फोनमध्ये डोकावून पाहिलं नाही.

उतरताना म्हणाल्या, "सर, मी मूर्ख हावो. लोक वाचाले कुठी येतात थे पाहत फिरली. लोक रोज गरजेपायी कुठी येतात थे पाहाले पायजे होतं. रोज सकाळी माह्या आवाजाची वाट पाहणारा बाजार मी खिशात घेऊन फिरून राहिली होती!"

मग भाऊ आणि बहीण यांच्यात तह झाला. आधी भाव, मग गोष्ट. भावात एक अक्षर चुकवायचं नाही. ज्याला गोष्ट नको त्याला ती ऐकायची सक्ती नाही. आणि आपांनी स्वतःचं एक कलम घातलं: ज्या दिवशी भाव फार पडेल, त्या दिवशी गोष्ट लांब. त्या वर्षी गोष्टी फार लांबल्या. वरातीची तर संपेचना; बकरा आला, फुफा आले, नवरदेव मात्र सापडला नाही.

साडू मात्र बाहेरच राहिला.

अकोल्याच्या बसस्टँडसमोर एकदा आम्ही चहा पीत होतो. शेजारी कांद्याचा टेम्पो उभा, आणि आतून आपांचा आवाज येत होता. ड्रायव्हर आणि दोन हमाल ऐकत होते. मी उत्साहानं सांगायला निघालो की हीच ती बाई. आपांनी माझी बाही ओढली. त्या कपबशी हातात धरून ऐकणाऱ्यांकडे एकटक पाहत उभ्या राहिल्या. बकऱ्याच्या प्रसंगाला तिघंही हसले. पुढे फुफाच्या भाषणाला ड्रायव्हर काडीपेटी शोधायला लागला.

"फुफा कापाले पायजे," आपा पुटपुटल्या. कुठल्याही समीक्षकाचं त्यांनी इतकं ऐकलं नव्हतं.

वर्ष संपलं, आणि प्रकाशक कुठल्याशा कार्यक्रमासाठी अमरावतीला आला. आपांनी त्याला निरोप धाडला: वाचक पाहायचे असतील तर सकाळी हर्रासाला या. आणायचं काम माझ्याकडे. पांढरे बूट घातलेला, चुणचुणीत, भला पोरगा. मऊ टमाट्यांवरून उड्या मारत तो आत आला आणि पाहतच राहिला. त्या दिवशी गोष्टीचा शेवटचा भाग होता आणि तो फोनवर येणार नव्हता. आपांनी ग्रुपात सांगितलं होतं, शेवट प्रत्यक्ष ऐकायला या. बाजारात नेहमीची माणसं होतीच; शिवाय घरच्या बाया, म्हातारे, शाळा बुडवलेली पोट्टी. संत्र्यांच्या ढिगांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हर्रास उरकला. भावानं घोगऱ्या आवाजात ओरडून सगळ्यांना गप्प केलं, आणि आपा रिकाम्या कॅरेटांवर चढल्या.

आधी भाव सांगितले. रोजच्यासारखेच, शांतपणे. मग नवरदेव.

तर नवरदेव वाटेत एका गावी चिकट हात धुवायला उतरला होता. डोक्याला सेहरा, अंगात शेरवानी. त्या गावातही लग्न होतं आणि त्यांचा नवरदेव उशीर करून राहिला होता. यांनी याला पाहिलं, खांद्यावर उचललं आणि नेऊन मांडवात बसवलं. आणि आपला नवरदेव इतका लाजाळू, की तो मी नाही हे सांगायला त्याचं तोंडच उघडेना. पंगतीत त्याच्या पानात जिलबी वाढली गेली तेव्हा तो हळूच शेजाऱ्याला म्हणतो, "भाऊ, मले एक सांगा, माह्यं लग्न कोणाशी हाय?"

बाजार कोसळला. मी खरंच सांगतो, एक म्हातारा हसता हसता वांग्यांच्या ढिगात बसला. प्रकाशकाला निम्मे शब्द कळत नव्हते. तो शेजारच्या हमालाला विचारायचा, "काय म्हणाल्या?" हमाल सांगायचा, आणि प्रकाशक सगळ्यांच्या मागून, एकटाच, पुन्हा हसायचा. त्याच्या त्या उशिराच्या हसण्याला लोक आणखी हसत होते.

शेवटी तो आपांपाशी आला. डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, मी पुस्तक करतो. विनोदीच करू. फक्त भाषेचं बघावं लागेल. बाहेरच्या वाचकासाठी थोडे शब्द बदलू. थोडेच."

भातकुलीचा तो भाजीवाला पुढे सरकला. आपांचा चेहरा मला दिसत होता, आणि गाडीत पहिला फोन आला तेव्हाचं ते गप्प बसणं त्यावर उतरू लागलं होतं. पुस्तक हातभर अंतरावर होतं. कुणीही 'हो' म्हटलं असतं. मी तर नक्कीच.

आपांनी भावाच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला.

आमच्या बाजारात एक जुनी रीत आहे. मोठा सौदा चारचौघांत बोलून करत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. पाच बोटं म्हणजे पाच, चार म्हणजे चार. बाहेरच्याला काही दिसत नाही. एकदा ठरलं की ठरलं; मग मागे फिरणाऱ्याच्या ढिगाला पुन्हा कोणी हात लावत नाही. आणि हा रुमाल बाईनं टाकलेला त्या बाजारात आजवर कोणी पाहिला नव्हता.

"हात द्या," आपा म्हणाल्या. त्या वयानं त्याच्या मावशीएवढ्या. त्यानं गोंधळून हात दिला. आपांनी वर रुमाल टाकला. "दर पानामागं किती शब्द बदलसान? बोटं दाखवा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रीत समजावून सांगितली. रुमाल धुऊन धुऊन विरलेला, त्यातून त्याचा उघडलेला पंजा सगळ्यांना दिसला. पाच.

आपांनी मान हलवली. रुमाल किंचित हलला. त्याचा अंगठा मिटला.

"अहो मॅडम, निदान 'गंज' म्हणजे पुष्कळ, हे तरी..."

दुसरं बोट मिटलं. कोणीतरी मागून म्हणालं, "थो हमाल सांगते ना तुले!"

"बरं, तळटीप?"

"टीप खाली द्या, किती बी द्या. शब्द वर जागच्या जागी राहीन," आपा म्हणाल्या, आणि तिसरं बोट मिटलं. सगळा बाजार रुमालाकडे पाहत होता. तो घामाघूम झाला होता आणि हसतही होता. चौथ्या बोटाला त्यानं जरा जोर लावला. आपांनीही लावला. झाडांची कलमं बांधण्यात आयुष्य गेलेला हात तो. चौथंही मिटलं.

करंगळी राहिली. आपांनी तिला हात लावला नाही. नुसत्या त्याच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या.

त्यानं एकदा त्या गर्दीवरून नजर फिरवली. वांग्यांत बसलेल्या म्हाताऱ्यापासून कडेवरच्या पोरापर्यंत. आणि करंगळी स्वतः मिटली.

"सौदा पक्का!" भाऊ ओरडला. आवाज बसलेला असताना ओरडला, तरी तो पार बडनेऱ्यापर्यंत गेला असावा. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी संत्री उधळली. आपांनी रुमाल उचलला, झटकला, भावाच्या खांद्यावर परत टाकला, आणि मला म्हणाल्या, "चला सर, गाडीचा टाईम झाला."

प्रकाशकासाठी हमालांनी चहा मागवला होता. त्यानं तो डाव्या हातानं घेतला. उजव्या हाताची मूठ तशीच मिटलेली होती, आणि ती आता उघडली तरी चालते का, हे तो भातकुलीवाल्याला अगदी गंभीरपणे विचारत होता.